बातमीतून इंग्रजी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सोमालियातून, म्यानमारमधून आलेली निर्वासित कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांतला इंग्रजी शिकायला आलेला एखादा पंधरा वर्षांचा मुलगा छावणीत वाढलेला, युद्ध पाहिलेला असतो. त्याच्या हाती चेंडू-मांजराचं बालपुस्तक दिलं तर त्याला अपमान वाटतो. भाषा कच्ची असली तरी समज मोठ्या माणसाची असते. इथे वृत्तसाप्ताहिक कामी येतं. विषय मोठ्यांचे, वाक्यं छोटी.

यासाठीचं खास साहित्य आहे. 'न्यूज फॉर यू' हे सोप्या इंग्रजीतलं साप्ताहिक 1959 साली सुरू झालं. त्याच वर्षी 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओनं सुमारे 1500 शब्दांच्या शब्दसंग्रहात, संथ लयीत बातम्या द्यायला सुरुवात केली. 'न्यूजेला' हे संकेतस्थळ एकच बातमी पाच पातळ्यांवर देतं, त्यामुळे नवखा आणि सरावलेला एकाच चर्चेत बसू शकतात.

वर्गात सुरुवात छायाचित्रापासून करावी. काय दिसतं, कुठलं असेल, हे आधी बोलून घ्यावं, मग फोटोखालची ओळ, मग मजकूर. मथळा मात्र शेवटी. इंग्रजी मथळ्यात सहायक क्रियापदं बहुधा गाळलेली असतात, घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगितलेली असते. नवख्याला तेच सर्वांत अवघड.

नकाशा असेल तर तो भिंतीवर लावावाच. आपल्या गावावर बोट ठेवून मूल जे मोडकंतोडकं वाक्य बोलतं, ते मला व्याकरणाच्या दहा स्वाध्यायांहून मोलाचं वाटतं. युद्धाची बातमी मात्र शिक्षकानं आधी स्वतः वाचावी, आणि बोलायचं की नाही हे मुलांवर सोडावं.