शिरगणतीबाहेरची धुलाई

मदन महल स्थानकावरून गढ्याच्या बाजूस निघालेल्या माणसाची दृष्टी स्वाभाविकच टेकडीकडे जाते. एका अजस्र खडकाच्या माथ्यावर गोंड राजांनी बांधलेली ती आटोपशीर वास्तू, आणि तिच्याच परिसरात एका शिळेवर जेमतेम टेकलेली ती दुसरी शिळा, जी २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील घरे पडली तरी जागची हलली नाही, ही दोन स्थळे पाहुण्यांस दाखविण्याचा जबलपूरच्या मराठी कुटुंबांचा जुना शिरस्ता आहे. मीही तो निष्ठेने पाळीत आलो. परंतु त्याच टेकडीच्या आसपासच्या रस्त्यांवर अलीकडच्या काळात जी धुलाई सेंटरे उभी राहिली, त्यांच्याकडे माझे लक्ष गाडी धुवून घेण्यापलीकडे कधी गेले नाही.

पत्र्याची पडवी, सिमेंटचा उतार, गाडी चढविण्याचा लोखंडी रॅम्प, बोअरच्या पाण्याची टाकी, भिंतीशी घरघरणारी एक मोटर आणि तीन-चार पोरे, एवढाच या धंद्याचा संसार. उन्हाळ्यातील एका दुपारी गाडीची वाट पाहत बसलो असता कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवलेल्या चार जोड चपला माझ्या नजरेस पडल्या. पोरे मात्र फेसाळ, तेलकट पाण्यात अनवाणी उभी. सहज विचारले, तेव्हा डिंडोरीकडचा एक विशीतला मुलगा म्हणाला, "चप्पल भीगेगी तो टूट जाएगी, बाबूजी." पाय भिजले तर त्यांचे काय होते हा प्रश्न त्याला पडला नव्हता, आणि खरे सांगायचे तर तोवर मलाही पडला नव्हता.

काय होते ते आपल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या ज्या जखमांना आपण चिखल्या म्हणतो, त्या शेतकऱ्यास आषाढ-श्रावणापुरत्या छळतात. धुलाईवाल्यास बाराही महिने. त्याच्या पाण्यात नुसता चिखल नसतो. शांपू असतो, गाडीच्या पोटाला चिकटलेले ग्रीस काढणारे जहाल क्षारयुक्त द्रावण असते आणि कोठे कोठे डिझेलचा फवाराही असतो. हे सारे पदार्थ मळाबरोबर त्वचेचे नैसर्गिक स्निग्धत्वही धुऊन नेतात. ते गेले, की कातडी भेगाळते आणि भेगांतून पुढचा पदार्थ अधिक सुलभतेने आत शिरतो. हातमोजे दिले तरी पोरे ते घालीत नाहीत, अशी मालकांची तक्रार असते व ती खोटी नसते. पण मेहनताना जेथे गाडीमागे ठरलेला आहे, तेथे हातमोज्याने जाणारी पाच मिनिटे ही मजुराच्या पदरची पाच मिनिटे असतात, हे त्या तक्रारीत सांगितले जात नाही.

सर्वांत कपटी पदार्थ म्हणजे चाकांना चकाकी आणणारे आम्ल, ज्याला आमच्याकडे सरसकट तेजाब म्हणतात. ते बहुधा पाण्याच्या जुन्या बाटलीत असते आणि बाटलीवर कसलीही चिठ्ठी नसते. अशा आम्लांपैकी हायड्रोफ्लोरिक आम्ल हे विलक्षण घातक आहे, आणि त्याची घातकता त्याच्या सौम्यपणात दडलेली आहे. इतर आम्लांसारखे ते हाताला तत्काळ झोंबत नाही; पातळ द्रावण असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होतात, आणि तोवर त्यातील फ्लोराइड त्वचेखाली शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकू लागलेले असते. प्रमाण अधिक असेल तर हृदयाची लयही बिघडते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात मोटारी व ट्रक धुण्याच्या कामात या आम्लाने भाजल्याची ४८ प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी सात जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, दोघांवर शस्त्रक्रिया झाली, आणि ट्रक धुणारा एक कामगार ते द्रावण पोटात गेल्याने दगावला. या दाहावर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाचा उपाय आहे. मात्र तो योजण्यासाठी बाटलीत काय होते हे वैद्याला कळले पाहिजे. गढ्याचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय येथून फार दूर नाही. परंतु तेथवर पोचलेला मुलगा 'तेजाब' याहून अधिक काय सांगणार?

पाण्याचा झोतही दिसतो तसा निरुपद्रवी नाही. मोटारीच्या चाकात हवेचा दाब सुमारे दोन बार असतो; धुलाईच्या पंपाचा दाब शंभर बारच्या घरात, किंवा त्याहूनही वर जातो. नळीचे तोंड बोटाच्या अगदी जवळ आले, तर झोत कातडी भेदून पाणी, साबण आणि घाण आत ढकलतो. बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते व आत संपूर्ण तळवा सडू लागतो. अशी जखम हळद लावून बांधून टाकण्याची नव्हे, त्याच दिवशी शल्यविशारदाला दाखविण्याची आहे.

आणि वीज! ओल्या जमिनीवर, ओल्या अंगाने, जुन्या वायरला जोडलेली मोटर हाताळणे म्हणजे मृत्यूशी रोजचा व्यवहार होय. भिंतीवर एमसीबी आहे म्हणून मालक निश्चिंत असतो. वस्तुतः ते यंत्र वायर जळू नये म्हणून असते. सोळा किंवा बत्तीस अँपिअरला जागे होणाऱ्या त्या पहारेकऱ्यास मनुष्याच्या छातीतून वाहणाऱ्या दशांश अँपिअरचा पत्ताही लागत नाही, आणि प्राण जाण्यास तेवढा प्रवाह पुरेसा असतो. माणसासाठी वेगळे यंत्र आहे, ते आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा ते क्षणोक्षणी ताळेबंद मांडते, व त्यात तीस मिलीअँपिअरची तूट येताच निमिषार्धात वीज तोडते. त्याची किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे एका दिवसात धुतलेल्या काही गाड्यांच्या उत्पन्नाएवढी.

मग हे सर्व सक्तीचे का नाही? येथे आपण कायद्याच्या दफ्तरात शिरतो, आणि तेथे एक मौज आढळते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात 'उत्पादन प्रक्रिया' या संज्ञेची जी व्याख्या होती, तीत वस्तू बनविण्या-दुरुस्त करण्याबरोबर 'धुणे' आणि 'स्वच्छ करणे' ही क्रियापदे स्पष्ट घातलेली होती. म्हणजे धुलाई हे काम कायदेकारांच्या दृष्टीतून निसटले नव्हते. निसटला तो धुणारा, कारण त्याच कलमात पुढे शिरगणती होती: वीज वापरणारे दहा कामगार असतील तर तो कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांनी कारखान्याची ती संख्या वीसवर नेली. व्यावसायिक सुरक्षेची संहिता दहा कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होते. मदन महलच्या पडवीत माणसे चार.

स्थलांतरितांची गणना त्याहून चमत्कारिक. १९७९ च्या आंतरराज्य कामगार कायद्याने आणि आता नव्या संहितेनेही परमुलखातील मजुराची व्याख्या राज्याच्या सरहद्दीवरून केली आहे. गोंदियाचा मुलगा येथे आला तर तो आंतरराज्य स्थलांतरित. शेजारच्या बालाघाटचा आला तर नव्हे. सातपुड्याच्या छोट्या रेल्वेने, जी २०१५ साली थांबली, हे दोघेही एकाच डब्यातून हाऊबाग स्थानकावर उतरत असत. मंडला-डिंडोरीहून आलेला गोंड तरुण घर, जमीन, बोली सारे मागे ठेवून आला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो कोठूनही आलेला नाही.

शिरगणतीचा हा अनुभव जबलपूरला नवा नाही, आणि म्हणूनच मला तो विशेष खटकतो. हे शहर विड्यांचे. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात विडीच्या छोट्या कारखान्यांतील बालमजुरांकडे लक्ष वेधल्यावर मध्यप्रांत सरकारने १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला, व त्यात विडी, लाख आणि कातडी कमावणे हे उद्योग घेतले. पुढे १९४८ चा कायदा आला आणि मालकांनी कारखाने मोडून काम ठेकेदारांमार्फत घरोघर वाटून दिले. डोकी विखुरली आणि कायदा रिकाम्या छपराखाली उभा राहिला. अखेर १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने डोकी मोजणे सोडून धंद्यालाच हात घातला: राहते घर वगळता जेथे म्हणून विडी वळली जाते त्या जागेला परवाना हवा, आणि घरी वळणारी बाईसुद्धा कामगारच. त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली हे खरे. पण कायद्याची रचना बरोबर होती.

धुलाईच्या बाबतीत हीच युक्ती समुद्रापलीकडे योजली गेली आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले कामगार पुष्कळदा केवळ बक्षिशीवर राबत. तेथे २००३ साली कायदा होऊन प्रत्येक धुलाईवाल्यास सरकारदरबारी नोंद करणे आणि मजुरी बुडाल्यास ती भरून निघावी म्हणून जामीनरोखा ठेवणे भाग पडले. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये परवाना व जामीन यांची तशीच तजवीज केली. अर्थात यामागे संघटना होती. लॉस एंजेलिसच्या परिसरातील पहिला संघटित करार २०११ साली सांता मोनिकातील एका धुलाई केंद्रात झाला, तो काही वर्षांच्या निदर्शनांनंतर.

आपल्याकडे तेवढी वाट न पाहता करता येण्याजोगे काही आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशी तरतूद आहे, की केंद्र सरकारने एखादा व्यवसाय धोकादायक म्हणून अधिसूचित केल्यास तेथे एकच कामगार असला तरी कर्मचारी राज्य विमा लागू होतो. धुलाईचा समावेश त्या यादीत व्हावा, अशी मागणी करण्यास काय हरकत? दरम्यान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो बँकेत खाते असलेल्या प्रत्येक सज्ञान पोराला काढून देता येईल. महानगरपालिकेच्या परवान्याला आरसीसीबी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, डोळे धुण्यासाठी स्वच्छ पाण्याचा वेगळा नळ आणि चिठ्ठीशिवाय बाटली न ठेवण्याची अट जोडणे हे तर निव्वळ स्थानिक इच्छाशक्तीचे काम आहे.

त्या दिवशी गाडी पुसून झाली तेव्हा ऊन कलले होते. मालकाने माझ्याकडून साडेतीनशे रुपये घेतले. आरसीसीबीबद्दल मी जे बोललो ते त्याने सभ्यपणे ऐकून घेतले, आणि इलेक्ट्रिशियनला विचारतो म्हणाला. डिंडोरीचा मुलगा कट्ट्यावर बसून पाय कोरडे करीत होता. तळवे पांढरेफटक, जुन्या कागदासारखे सुरकुतलेले. फडक्याने बोटांच्या बेचक्या टिपून त्याने चपला पायांत सरकवल्या. त्या अगदी कोरड्या होत्या.