बिनओझ्याची चढण

चालणे आपल्या समाजाला नवे नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 20 मार्चला महाडचे चवदार तळे, वर्षभर आपली पावले निघालेलीच असतात. डोंगरही नवा नाही. लाकडाची मोळी नाहीतर गवताचा भारा डोक्यावर घेऊन आपल्या आया-आज्या डोंगर उतरल्याच आहेत. पण डोक्यावर काही ओझे नसताना, नुसता पाहायला म्हणून डोंगर चढायचा, हे आपल्या घरांत अजून चैनीचे वाटते. त्यात वय पन्नाशीला टेकलेले असले की घरची पोरेच हसतात. आमचीही हसली. तरी थंडीत आम्ही सात जण निघालोच. चार बाया, तीन पुरुष, सगळे पंचेचाळीस ते अठ्ठावन्नच्या दरम्यानचे.

शनिवारी दिवा-रोहा गाडीने पेणला उतरलो. पेण म्हटले की लोकांना गणपतीचे कारखाने आठवतात, नाहीतर पोहे आणि पापड. पण थंडीत या बाजूला यावे ते पोपटीसाठी. वालाच्या शेंगा शेतात भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर मीठ आणि ओवा. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाणी एक थेंब घालायचे नाही, सगळे पाल्याच्या ओलाव्यावर शिजते. मडक्यावर पाणी शिंपडले आणि चर्र होऊन लगेच वाळले, की झाली पोपटी. नातेवाइकांच्या शेतावर रात्री आम्ही ती खाल्ली. बायकांना स्वयंपाक नव्हता, शेकोटीशी पुरुषच होते, हेही नमूद करायला हवे.

रविवारी पहाटे रोह्याला आलो आणि मिनिडोर करून मेढ्याला उतरलो. समोर अवचितगड. उंची साधारण हजार फूट, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने फार नाही. पण झाडी दाट, पायवाटा फसव्या. गावातला एक माहीतगार सोबत घेतला हे बरे झाले. पहिला अर्धा तास गप्पा चालल्या, मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

अर्ध्या वाटेवर आमचे मेहुणे एकाएकी दगडावर बसले. थंडीतही कपाळावर घाम, हाताला कापरे, बोलणे तुटक. मेहुण्यांना साखरेचा विकार आहे. पहाटे साखरेची गोळी घेतली होती, पण वर जाऊन खाऊ म्हणून न्याहारी टाळली होती. आमच्यातल्या एक ताई दवाखान्यात आया म्हणून काम करतात, त्यांनी लगेच ओळखले: साखर उतरली. साखरपाणी पाजले, पंधरा मिनिटांनी हात स्थिर झाला, मग भाकरी दिली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा विकार आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. गोळी घेतली की पोट रिकामे ठेवू नये, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज असावेच. छातीत दुखू लागले, दम परत येत नसला, तर मात्र साखरपाण्यावर भागवू नये. सरळ खाली उतरून डॉक्टर गाठावा.

प्रश्न पुढचा होता. मेहुणे वर येणार नव्हते हे ठरलेच. वहिनी अर्थातच त्यांच्याजवळ बसल्या. तीस वर्षे त्यांनी हेच केले आहे. कोणी आजारी असले की वहिनी उशाशी. पण मेहुणेच म्हणाले, "तू जा गं. मी काय पळून जातोय?" वहिनी नाही म्हणाल्या, मग परत नाही म्हणाल्या. शेवटी आमच्यातले एक मास्तर मेहुण्यांजवळ थांबले आणि वहिनी उठल्या. त्यानंतर आमच्या सगळ्यांच्या पुढे वहिनीच चालत होत्या.

वर दरवाजा ओलांडला की झाडीत पाण्याची टाकी दिसतात, बारा कोनांचा एक बांधीव तलाव, एक तोफ. शके 1718, म्हणजे 1796 सालचा शिलालेखही आहे. खाली कुंडलिका नदी आणि रोहा. वहिनी बराच वेळ बुरुजावर उभ्या होत्या. डबा उघडायचा त्यांना सुचला नाही, तो आम्ही उघडला.

उतरणे चढण्यापेक्षा गुडघ्यांना जड जाते. काठी असली तर थोडा भार तीच घेते. मेहुणे हसत भेटले.

दुपारी तळा तालुक्यातली कुडा लेणी गाठली. मांदाडच्या खाडीकडे तोंड करून, दोन स्तरांत मिळून 26 बौद्ध लेणी. चढण सोपी, त्यामुळे इथे मेहुणेही आले. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी एकट्या राजाने कोरवून घेतलेली नाहीत. ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत: एक माळी, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी, एक भिक्खुणी आपल्या शिष्यांसह. सोमदेव नावाच्या वैद्याने तर दानात मुलांबरोबर मुलींचीही नावे कोरवली आहेत. वहिनींनी ती नावे दोनदा विचारली. इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा.

कुड्याला जाताना बॅटरी जरूर न्यावी. आतल्या खोल्या अंधाऱ्या आहेत, आणि भिंतीवर उजेड तिरपा धरला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.