भाकरी ज्वारीची, पीठ कोणत्या गिरणीचं?

“गहू पूर्ण बंद केलाय. आता घरात फक्त ज्वारीची भाकरी.” सीलिॲकचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालेल्या मुलांचे आईवडील हे मोठ्या विश्वासाने सांगतात. तरीही मुलाचं पोट फुगतं, वजन वाढत नाही, हिमोग्लोबिन वर येत नाही, म्हणून ते हवालदिल असतात. पीठ कुठून आणता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “कोपऱ्यावरच्या गिरणीतून. पण आम्ही ज्वारीवर ज्वारीच दळून घेतो.”

ज्वारीत ग्लूटेन नसतं, हे खरंच आहे. पण गिरणीत दिवसभर सर्वांत जास्त दळला जातो तो गहू. दगडांच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, डब्यात, अगदी हवेतसुद्धा त्याचं पीठ असतं. आधीचं एखादं दळण ज्वारीचं झालं म्हणून ते सगळं निघून जात नाही.

हिशेबच मांडू. समजा, किलोभर ज्वारीत गव्हाचं अवघं १० ग्रॅम पीठ मिसळलं. हे साधारण एका मोठ्या चमच्याएवढं. त्यात दहा टक्के ग्लूटेन धरलं तर ते झालं १००० मिलिग्रॅम. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थाला एफएसएसएआयने घातलेली मर्यादा आहे किलोला २० मिलिग्रॅम. म्हणजे आपलं ‘शुद्ध’ ज्वारीचं पीठ मर्यादेच्या पन्नासपट! पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं.

“एवढ्याशाने काय होतंय?” हे यापुढचं वाक्य, आणि ते ऐकून खरोखर संताप येतो, कारण याचं उत्तर कधीच मिळालेलं आहे. इटलीतल्या कातास्सी आणि सहकाऱ्यांनी सीलिॲकच्या रुग्णांना ९० दिवस रोज ठरावीक ग्लूटेनच्या कॅप्सूल दिल्या. ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये २००७ साली आलेल्या या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. आपल्या हिशेबातली ती एक भाकरीच. शिवाय पोट दुखलं नाही म्हणजे आतडं सुखरूप आहे, असंही समजू नका. लक्षणांशिवायही इजा चालू राहते.

गिरणीवाल्याचा यात दोष नाही, त्याची गिरणी साऱ्या वस्तीसाठी आहे. उपाय घरात आहे: ज्वारी-बाजरी निवडून, धुऊन, कडक वाळवायची आणि फक्त त्यासाठीच ठेवलेल्या घरघंटीत किंवा मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात दळायची. हे जमत नसेल तर तपासणी करून ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकलेलं पीठ घ्यावं. चाळणी, परात आणि लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं हवं.

आता बाकीचे गैरसमज. रवा, शेवया, कुरडया, दलिया हा सगळा गहूच. खपली कितीही जुना, पचायला हलका म्हणून विकला जावो, तोही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. आजारी मुलाला मायेने भरवलं जाणारं मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी, दोन्हींत बहुतेक घरी गहू असतो. डबीतल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो बघून घ्यावा. सोया सॉसमध्ये गहू, तर माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीत आणि कॉर्नफ्लेक्समध्ये जव असतो. “तळल्यावर ग्लूटेन जळून जातं” हे साफ चूक आहे. ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्यात तळलेला साबुदाणा वडा सीलिॲकच्या माणसाने खाऊ नये.

साबण-शाम्पूची भीती मात्र निष्कारण वाढवली गेली आहे. ग्लूटेनचा रेणू मोठा असतो, धडधाकट कातडीतून तो आत जात नाही. काळजी घ्यायची ती तोंडात जाणाऱ्या वस्तूंची: लिपस्टिक, लिप बाम, टूथपेस्ट, माउथवॉश. आणि हाताला लावलेल्या क्रीमची, कारण आपण हाताने जेवतो. वेष्टनावर ‘ट्रिटिकम व्हल्गेअर’ किंवा ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ दिसलं तर तो गहू, ‘होर्डियम’ दिसलं तर जव. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे, तिथे कातडीवरचं उत्पादनही त्रास देऊ शकतं. काही गोळ्यांतही गव्हाचा स्टार्च असतो, तेव्हा औषध घेताना फार्मासिस्टला विचारावं.

आणि एक विनंती. सीलिॲकची शंका असेल तर “आधी महिनाभर गहू सोडून बघू” असं करू नका. गहू बंद केला की रक्तातली टीटीजी चाचणी आणि बायॉप्सी, दोन्ही खोट्या ‘नॉर्मल’ येऊ शकतात. आधी तपासणी करा, मगच गहू सोडा.