बिगरीपासून बालवाटिकेपर्यंत

पंतोजींच्या शाळेत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की बसवले जाई आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे दोनच गोष्टी असत : अक्षरे आणि पाढे. फळ्यावर बारीक धूळ पसरायची, काडीने तिच्यात अक्षर काढायचे, धूळ सारखी करायची आणि पुन्हा तेच अक्षर काढायचे. हात वळला की पाढे सुरू होत. ते नुसते बे आणि तीनचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, असे अपूर्णांकांचेही असत. बाजारातल्या हिशेबाला ही घोकंपट्टी उत्तम कामी येई. पुढे सरकारी शाळा आल्या, पहिलीच्या आधी बिगरीचा वर्ग आला, तरी शिकवायचे काय हे फारसे बदलले नाही.

बदल आला तो भावनगरहून. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली तेथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले आणि मारिया माँटेसरींची पद्धत गुजराती घरांतल्या मुलांसाठी वापरून पाहिली. ताराबाई मोडक त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही शिकण्यासारखे पुष्कळ असते आणि त्याची सुरुवात पाटीपासून होत नाही, हा विचार यातून रुजला. लहानमोठे दंडगोल ठोकळे आपापल्या खाचेत बसवताना मूल आकार पारखते. शिवाय ठोकळ्याची मूठ तीन बोटांनी धरता धरता पेन्सिल धरण्याची तयारीही होऊन जाते. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवले की लिहिण्याआधीच वळण हातात बसते. गुंड्या लावणे, पाणी न सांडता ओतणे, आपली चटई आपण गुंडाळणे हाही अभ्यासच ठरला.

साधने मात्र महाग होती. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाल्यावर शहरातल्या मध्यमवर्गाची सोय झाली, पण गावांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. 1945 साली त्यांनी बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. या दोघींचे मोठेपण असे, की मूल शाळेत येत नाही याचा दोष त्यांनी मुलाला किंवा त्याच्या आईबापांना दिला नाही. मुले येईनात, तेव्हा बाई पाड्यावर गेल्या आणि अंगणातच वर्ग भरला. ती अंगणवाडी. विकत आणलेल्या ठोकळ्यांची जागा शिंपले, चिंचोके, गोटे, पाने आणि बिया यांनी घेतली. चिंचोके मोजता येतात, गोट्यांचे लहानमोठेपण लावता येते, पानांचे आकार जुळवता येतात; गणिताची पूर्वतयारी याहून वेगळी नसते. पहिला धडा मात्र हात-तोंड धुण्याचा आणि केस विंचरण्याचा होता. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. धाकटे भावंड सांभाळायला घरी थांबणारी मोठी बहीण त्यामुळे शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या रानातच कुरणशाळा भरली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पोषण आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांच्याबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षणही तिच्याकडे आले. आहाराचे काम रोज मोजले जाते, शिक्षणाचे तसे मोजले जात नाही. त्यामुळे गाणी-गोष्टींचा वेळ नोंदवह्यांत जाण्याचा धोका पहिल्यापासून राहिला.

शहरांत याच काळात उलटे वारे वाहू लागले. ज्युनिअर आणि सीनिअर केजीत गृहपाठ आला आणि प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलाच्या मुलाखती होऊ लागल्या. यशपाल समितीने 1993 च्या अहवालात या मुलाखती बंद कराव्यात आणि इतक्या लहान वयात वाचन, लेखन, अंक यांचे औपचारिक ओझे लादू नये, असे स्पष्ट सांगितले. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या चाचण्यांना मनाई केली. पण शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून पुढे धरला. त्याआधीच्या वर्षांसाठी सरकारांनी व्यवस्था करावी, एवढेच त्यात म्हटले होते.

पहिली-दुसरीच्या पुस्तकांचाही या काळात पुनर्विचार झाला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असेही वाचन आले आणि राज्यभर वाद उठला. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी येतात. मुले इथे अडखळतात, हे वर्गातल्या शिक्षकांना ठाऊक होते. संख्यानामे कोणी काढून टाकली नव्हती, जोडीला एक पायरी दिली होती. टीकेच्या गदारोळात हे कारण फारसे ऐकले गेले नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वयाची वर्षे एका पायाभूत टप्प्यात आणली, म्हणजे बालवाडीची (बालवाटिकेची) तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2022 मध्ये आला. सहा वर्षांच्या आत पाठ्यपुस्तक नको, खेळ, गोष्ट, संवाद आणि वस्तू हाताळणे यांतूनच शिकणे व्हावे, असे तो सांगतो. तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे 2021 मधल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट त्याला जोडलेले आहे. या दोहोंची सांगड घालायची आहे ती प्रामुख्याने अंगणवाडीच्या सेविकेने आणि पहिलीच्या शिक्षकाने. सेविकेकडे आहार, वजने आणि नोंदी आजही आहेतच.