दुबईतील भाड्याचे घर आणि अनामत रकमेचा हिशेब



१५ सप्टेंबर २०२० रोजी वॉशिंग्टन येथे इस्रायल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला आणि दुबई आपल्याला एकदम जवळची झाली. मुंबई-ठाण्याच्या आपल्या नातलगांना ती आधीपासूनच जवळची होती. त्यांची मुले तिथे कितीतरी वर्षे नोकरी करीत आहेत. आता इथली नातवंडेही कामधंद्यासाठी तिकडे जाऊ लागली आहेत. तिथे गेल्यावर पहिला मोठा खर्च घराचा, आणि घर सोडताना हमखास होणारी कुरबूर अनामत रकमेची. मालक म्हणतो, रंगाचे इतके, सफाईचे इतके, एसीचे इतके. आणि हाती चिमूटभर पैसे ठेवतो. मुले फोनवर तक्रार करतात आणि शेवटी "जाऊ दे, आजी" म्हणून सोडून देतात. पण सोडून देण्याची गरज नाही. कायदा कुठे भाडेकरूच्या बाजूचा आहे, कुठे नाही, आणि काय केले असता पैसे परत मिळू शकतात, हे आपल्याला ठाऊक असले तर आपण त्यांना दोन शब्द सांगू शकू.

शब्दातच अर्थ आहे

आपण मराठीत "अनामत" म्हणतो, तो शब्द अरबी "अमानत"वरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू. दुबईच्या करारनाम्यात या रकमेला "तअमीन" म्हणतात, धातू तोच. आणि आपण प्रार्थनेत "आमेन" म्हणतो, हिब्रूत श्रद्धेला "एमुना" म्हणतो, तेही त्याच कुळातले. दुबईत भाडेकराराची सरकारी नोंद होते, तिला "एजारी" म्हणतात. आपला जुना "इजारा" आणि "इजारदार" आठवा, म्हणजे हा शब्दही परका वाटणार नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, ही रक्कम मालकाची कमाई नव्हे. ती भाडेकरूचीच असते, मालकाकडे फक्त ठेवायला दिलेली असते. तेव्हा तिच्यातून काही कापायचे असेल तर का कापले हे मालकाने दाखवून द्यावे, असे भाडेकरूने हक्काने म्हणावे.

कायदा काय म्हणतो

दुबईत मालक-भाडेकरू संबंधांचा कायदा २००७ सालचा, क्रमांक २६. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, क्रमांक ३३च्या कायद्याने त्यात दुरुस्ती झाली. आपल्या कामाची कलमे तीन.

कलम २० प्रमाणे घराची नीट निगा राहावी म्हणून मालक अनामत घेऊ शकतो. पण मुदत संपल्यावर ती, किंवा तिच्यातून उरलेली रक्कम, परत देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे भाडेकरूने घर जसे मिळाले तसे परत करावे. मात्र नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेले नुकसान यांतून वगळले आहे. कलम १६ प्रमाणे भाड्याच्या काळातली दुरुस्ती आणि देखभाल मालकाकडे असते, करारात वेगळे ठरले नसेल तर.

हे वाचून आपल्यापैकी जाणत्यांना बावा मेत्सियाची आठवण होईल. मिश्नाने घर भाड्याने देणाऱ्यावर दार, अडसर, कुलूप आणि कारागिराच्या हातची सारी कामे टाकली आहेत. बाकीची किरकोळ कामे भाडेकरूने करायची. आणि उसने घेतलेले जनावर नेहमीच्या कामानेच खंगले, तर उसने घेणाऱ्यावर त्याची भरपाई येत नाही. वापराने होणारी झीज वेगळी आणि निष्काळजीपणाने केलेले नुकसान वेगळे, हा फरक आपल्या शास्त्रींनी फार पूर्वी ओळखला होता. दुबईच्या कलम २१चे मर्म तेच आहे.

एक उणीव मात्र लक्षात ठेवावी. इस्रायलमध्ये २०१७च्या दुरुस्तीने घर रिकामे केल्यावर ६० दिवसांत हमी परत करण्याचे बंधन आले. दुबईच्या कायद्यात असा दिवसांचा आकडा नाही. म्हणून "घर सोडल्यापासून इतक्या दिवसांत अनामत परत" हे वाक्य करारात आधीच लिहून घ्यावे.

उदाहरणाने पाहू

दुबईत रिकाम्या घरासाठी वार्षिक भाड्याच्या ५ टक्के आणि सामानासह असलेल्या घरासाठी १० टक्के अनामत घेण्याचा रिवाज आहे. समजा, रिकाम्या घराचे वर्षाचे भाडे ७०,००० दिरहम. म्हणजे अनामत ३,५०० दिरहम. तीन वर्षांनी घर सोडताना मालकाने रंगाचे १,५००, सफाईचे ४०० आणि एसीचे ७०० कापले. एकूण २,६०० गेले, हाती ९०० आले. आता एकेक बाब पाहू.

रंग : तीन वर्षांत भिंत फिकट झाली, पलंगामागे डाग पडला, तर ती झीज. पोराने खडूने भिंत रंगवली किंवा विचारल्याशिवाय निळा रंग दिला, तर ते नुकसान. पण "जाताना रंग भाडेकरूने द्यावा" असे करारात लिहून त्यावर सही केली असेल, तर भाडेकरूची बाजू लंगडी पडते. म्हणून करार सहीपूर्वी वाचावा.

सफाई : घर स्वच्छ करूनच द्यावे, यात वाद नाही. स्वतः सफाई करून घेतली असेल तर पावती ठेवावी. मग मालक पुन्हा त्याचेच पैसे मागू शकत नाही.

एसी : दुबईच्या उन्हाळ्यात एसी रात्रंदिवस चालतो. तो जुना होऊन बिघडला तर कलम १६ पाहावे. अनेक करारांत ठराविक रकमेपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूकडे आणि त्यावरची मालकाकडे असे लिहिलेले असते. तसे असेल तर ते पाळावे.

भिंतीतली भोके : खिळे-स्क्रूंची भोके बुजवून द्यावीत. यात मेझुझाही आला. घर यहुदी नसलेल्या मालकाचे असेल तर जाताना मेझुझा काढून घ्यायची असते, आणि चौकटीवर दोन भोके राहतात. ती लुकणाने बुजवावीत, किंवा मुळात चिकटपट्टीने लावावी.

आणखी एक. वीज-पाण्याची अनामत वेगळी असते. ती दुबईच्या वीज व पाणी प्राधिकरणाकडे, म्हणजे "देवा"कडे भरलेली असते. फ्लॅटसाठी २,००० आणि बंगल्यासाठी ४,००० दिरहम. शेवटचे बिल भरल्यावर ती देवाकडूनच परत मागावी. घरमालकाशी तिचा संबंध नाही.

पुरावा पहिल्या दिवशी गोळा करावा

अनामतीचा वाद घर सोडताना सुरू होतो, पण त्याचा निकाल बहुधा घरात पाऊल टाकलेल्या दिवशीच ठरून जातो. सामान लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, नळांचे, खिडक्यांचे, एसीचे, फरशीवरच्या तड्यांचे फोटो तारखेसह काढावेत. दोषांची यादी करून ती त्याच आठवड्यात मालकाला किंवा एजंटाला ईमेलने पाठवावी. अनामत रोख दिली तर सही-शिक्क्याची पावती घ्यावी. चेकने दिली तर त्याची प्रत ठेवावी. करार एजारीत नोंदला आहे ना, हे पाहावे.

सोडण्याच्या दिवशी मालकाबरोबर घर फिरून पाहावे, पुन्हा तेच फोटो तसेच काढावेत आणि किल्ल्या दिल्याची सही घ्यावी. शेवटच्या भाड्याचा चेक अडवून "अनामतीतून वळते करा" असे कधीही म्हणू नये. त्याने भाडेकरूच थकबाकीदार ठरतो आणि त्याची न्याय्य बाजूही कमजोर होते.

पत्र आणि मग तक्रार

कपात मान्य नसेल तर भांडू नये, लिहावे. पत्रात पाच गोष्टी असाव्यात : कराराची तारीख व एजारी क्रमांक, भरलेली व परत मिळालेली रक्कम, प्रत्येक कपातीवरचा आक्षेप, कलम २० आणि २१ यांच्या उल्लेखासह, बिलांची आणि फोटोंची मागणी, आणि उत्तरासाठी ठराविक तारीख. मालकाजवळ बिले नसली तर पुष्कळदा इथेच तडजोड होते.

न झाल्यास भाडेविवाद निवारण केंद्र आहे. २०१३च्या क्रमांक २६च्या फर्मानाने ते स्थापन झाले. देरा भागात भूमी विभागाजवळ त्याची कचेरी आहे. पासपोर्ट, अमिरातीचे ओळखपत्र, करार, एजारीचा दाखला, पावती, पत्रव्यवहार, फोटो हे सारे लागते आणि परभाषेतल्या कागदांचे अधिकृत अरबी भाषांतर करावे लागते. आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर न्यायाधीशांपुढे सुनावणी. एक लाख दिरहमांखालच्या दाव्यात तिथला निकाल सहसा अंतिम असतो.

फीचा हिशेब आधी करावा. फीचा दर ३.५ टक्के असला तरी किमान ५०० दिरहम भरावेच लागतात, शिवाय भाषांतराचा खर्च. आपल्या उदाहरणात २,६००पैकी रंगाचे आणि एसीचे मिळून २,२०० दिरहम मागण्यासारखे आहेत. त्यासाठी ५००हून अधिक घालावे लागतील. पुरावा भक्कम असेल तर जावे. जिंकल्यास फीही मालकाकडून मागता येते. पण ३००-४०० दिरहमांसाठी केंद्राची पायरी चढण्यापेक्षा पत्रावर भर द्यावा.

देश सोडून निघण्यापूर्वीच हे काम हाती घ्यावे. नंतर मुखत्यारपत्र, त्याचे साक्षांकन आणि बंद झालेले बँक खाते यांत रकमेपेक्षा त्रास मोठा होतो.

हे सारे नियम दुबईचे आहेत. अबू धाबीत कायदा वेगळा, २००६चा क्रमांक २०, आणि करारनोंदणीचे नाव "तौथीक". शारजात काम नगरपालिकेकडे. नातू नेमक्या कोणत्या अमिरातीत राहतो, हे आधी विचारावे.

कुणाचे मूल तिकडे निघाले असेल तर प्रवासाच्या डब्याबरोबर हा अंकही त्याच्या हाती द्यावा. मराठी वाचता येत नसेल तर "पहिल्या दिवशी फोटो, प्रत्येक पैशाची पावती, आणि शेवटचा चेक अडवू नकोस" एवढे तरी त्याला तोंडी सांगावे.