इंटर्न ते कायम कर्मचारी: खान्देशातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरचा प्रवास

बांभोरीला गिरणेच्या पुलाजवळचं कॉलेज असो, धुळ्यात देवपूरचं असो की शिरपूरचं, चौथ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सगळीकडे एकच प्रश्न फिरू लागतो: इंटर्नशिप मिळाली का? आणि घरी पेढे वाटायची घाई होते. इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे. दोहोंच्या मध्ये चार कागद आहेत: इंटर्नशिपचं पत्र, ऑफर लेटर, नेमणूकपत्र आणि कन्फर्मेशन लेटर. आपली मुलं कोड मन लावून शिकतात, कागद मात्र सही करण्यापुरतेच उघडतात. म्हणून या लेखात कामाइतकीच जागा कागदांना दिली आहे.

हे दार उघडलं कधी

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी बांभोरी, धुळे आणि फैजपूर इथली महाविद्यालयं सुरू झाली. १९९६ मध्ये जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, २००१ मध्ये शिरपूरला आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट. १९९० पर्यंत इथल्या पदव्यांवर पुणे विद्यापीठाचं नाव असे. मग उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आता इथली बरीच महाविद्यालयं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली आहेत, आणि त्या अभ्यासक्रमात शेवटचं सत्र कंपनीत घालवण्याची सोय आहे.

म्हणजे शिक्षण दाराशी आलं. काम मात्र हिंजवडी, खराडी, बंगळुरूलाच राहिलं. जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप, ठिबक, चटया आणि डाळमिल आहेत. सॉफ्टवेअर तिथे लागतं, पण ते बनवणाऱ्यांची गरज थोडी. त्यामुळे इंटर्नशिपबरोबर महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट आणि पुण्यातली कॉट बेसिसची खोली हे दोन्ही येतंच.

इंटर्न, अप्रेंटिस, ट्रेनी: तिघं वेगळे

इंटर्न म्हणजे कॉलेजचाच विद्यार्थी. कंपनी त्याला स्टायपेंड देईल किंवा देणार नाही. तो सहसा पगारपत्रकावर नसतो आणि त्याचा पीएफ कापला जात नाही.

अप्रेंटिसच्या मागे कायदा उभा आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. तो बहुतेकांना आयटीआयच्या फिटर-वेल्डरपुरता वाटतो. पण राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेतून पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही वर्षभरासाठी घेतले जातात. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,०००, तर पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरले आणि या किमान रकमेचा निम्मा भार केंद्राने उचलला. मात्र हाच कायदा सांगतो की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मुदत संपल्यावर त्याला नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही.

ट्रेनी हा तिसरा. त्याला पगार असतो, पीएफ असतो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं. फक्त तो अजून परीक्षेत असतो, आणि ती परीक्षा खरी असते. त्याबद्दल पुढे.

२०२४ पासून दोन सरकारी योजनांनी गोंधळ आणखी वाढवला. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपनीत १२ महिने, महिना ५,००० रुपये. वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नसावी, ही अट. घरी बसण्यापेक्षा दोन्ही बऱ्या. पण पुढच्या नोकरीचा शब्द दोन्हींत नाही.

पैसे कोण कोणाला देतंय?

इंटर्नशिप खरी की खोटी, हे ओळखायला हा एक प्रश्न पुरतो. अभ्यासक्रमात इंटर्नशिपला गुण आले आणि गल्लोगल्ली प्रमाणपत्रांची दुकानं उघडली. दोन-तीन हजार भरा, चार ऑनलाइन व्हिडिओ पाहा, रंगीत सर्टिफिकेट घ्या. कॉलेजच्या फाइलीत ते चालून जातं. मुलाखतीत समोरचा माणूस दुसऱ्याच प्रश्नाला विचारतो, "तुझा कोड कोण वापरत होतं?" आणि तिथे गाडी अडते. क्लास लावायचा तर खुशाल लावा, पण त्याला क्लासच म्हणा.

पैसे न भरता अनुभव मिळवायचा तर मुक्त स्रोत प्रकल्पांत भाग घ्यावा. गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. घरी बसून अशा प्रकल्पावर काम करायचं आणि वर मानधन मिळतं. २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. निवड अवघड असते, हे खरं. पण निवड झाली नाही तरी त्या तयारीत जगातल्या अनोळखी माणसांनी तुमचा कोड वाचलेला असतो, तपासलेला असतो. सर्टिफिकेटच्या गठ्ठ्याने हे साधत नाही.

पहिल्या महिन्यात नेमकं काय घडतं

पहिले काही दिवस लॅपटॉप लावण्यातच जातात: परवानग्या, पासवर्ड, कंपनीचा कोड स्वतःच्या मशीनवर चालवून पाहणं. कोड सुरू होत नाही. सगळ्यांचाच होत नाही. मग जिरावर, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एक छोटं तिकीट मिळतं.

समजा, रावेरकडच्या केळी खरेदीचा हिशेब ठेवणारं एक ॲप आहे आणि तक्रार अशी की शेतकऱ्याच्या पावतीची बेरीज अधूनमधून पैशाने चुकते. इंटर्न शोधत जातो आणि त्याला सापडतं की जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केले तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो, ०.१ हा आकडा त्या पद्धतीत नेमका बसतच नाही. इंटर्न पडद्यावर दाखवताना उत्तर दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करतो, पुल रिक्वेस्ट टाकतो, म्हणजे बदल तपासणीला पाठवतो, आणि मोकळा होतो.

तासाभराने सिनिअरची टिप्पणी येते, "दाखवताना गोल केलंस. साठवताना काय? महिनाअखेरीला हजार पावत्यांची बेरीज कोण गोल करणार?" मग रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्ण संख्येत ठेवायची हे ठरतं. त्यासाठी डेटाबेसचा रकाना बदलायचा. जुन्या पावत्यांचं काय करायचं ते ठरवायचं. चाचण्या लिहायच्या. दोन ओळींचं काम आठवड्यावर जातं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये उत्तर एकदा बरोबर आलं की सबमिशन होतं. इथे ते दर वेळी, दुसऱ्याच्या पैशावर बरोबर यावं लागतं.

टिप्पण्यांनी खचणारी मुलं बरीच पाहिली. एका बदलावर वीस टिप्पण्या आल्या म्हणजे आपण नालायक ठरलो असं त्यांना वाटतं. खरं तर तुमचा कोड कोणी वाचतच नसेल, तर काळजी करावी.

पीपीओ कशावर ठरते

इंटर्नशिप संपता संपता कंपनी पुढे ये म्हणते, त्याला प्री-प्लेसमेंट ऑफर किंवा पीपीओ म्हणतात. ती तीन गोष्टींवर ठरते: टीमला जागा आहे का, कंपनीकडे पैसे आहेत का, आणि तुम्ही कसे आहात. पहिल्या दोन तुमच्या हातात नाहीत. उत्तम काम करूनही पीपीओ हुकते, त्याचा अर्थ पोरगं कमी पडलं असाच नसतो. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं.

तिसऱ्या गोष्टीत हुशारीपेक्षा भरवसा मोजला जातो. याला काम दिलं तर मागे लागावं लागेल का, एवढंच मॅनेजर पाहत असतो. अडकलात तर थोडा वेळ स्वतः झटा, मग विचारा. आणि विचारताना काय काय करून पाहिलं ते सांगा. "चालत नाहीये" एवढ्याने कोणाला काही कळत नाही. दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी "झालं नाही" सांगणं, हे मात्र महागात पडतं.

आपल्या मुलांची खरी अडचण इथेच आहे. रोज सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय हे इंग्रजीत सांगायचं असतं. घरात अहिराणी, शाळेत मराठी. मुलगा किंवा मुलगी सगळं येत असून "सेम ॲज यस्टरडे" म्हणून मोकळी होते. मॅनेजरला वाटतं, काही केलेलंच नाही. उपाय साधा आहे. आदल्या रात्री तीन वाक्यं लिहून ठेवायची आणि सकाळी वाचायची. कोणी हसत नाही. महिन्या-दोन महिन्यांत कागद लागेनासा होतो.

ऑफर लेटरमधला आकडा

समजा, पत्रावर ३.६ लाखांचं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आहे. गावात "महिना तीस हजार" अशी बातमी पसरते. हिशेब असा बसतो: मूळ पगार १५,००० धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची सुमारे ७२० रुपयांची तरतूद याच तीस हजारांत धरलेली असते. उरलेल्या सुमारे २७,४८० मधून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २५,५०० च्या आसपास येतात. सीटीसीतला दहा टक्के भाग "व्हेरिएबल" असेल तर तेवढे ३,००० महिन्याच्या पगारात दिसतच नाहीत. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो. आणि महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. हातात आलेल्या रकमेतून खोलीभाडं आणि मेस वजा करा, मग घरी किती पाठवता येतील ते बोला.

ट्रेनीची परीक्षा

ऑफर लेटर म्हणजे रुजू होणं नव्हे आणि रुजू होणं म्हणजे कायम होणं नव्हे, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. इन्फोसिसने म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून जास्त ट्रेनी कमी केले. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षेत ते उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. यातल्या अनेकांना ऑफर २०२२ मध्ये मिळाली होती आणि रुजू व्हायला २०२४ उजाडलं होतं. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवू. पण प्रशिक्षणाचा काळ सुट्टीसारखा घालवायचा नाही आणि रुजू होण्याची तारीख लांबत असेल तर दुसरे अर्ज थांबवायचे नाहीत, एवढं त्यातून घ्यावं.

प्रशिक्षणानंतर प्रोबेशन, बहुतेक ठिकाणी सहा महिने. या काळात नोटीस पीरियड कमी असतो, दोन्ही बाजूंनी. मुदत संपली म्हणजे आपोआप कायम झालो असं धरू नका. तसं आहे की वेगळं पत्र लागतं, हे नेमणूकपत्रातच लिहिलेलं असतं.

बाँड

"दोन वर्षं सोडणार नाही, सोडलं तर अमुक रक्कम भरीन" असा बाँड लहान कंपन्या हमखास मागतात. बाँड कोर्टात टिकत नाही, असं कट्ट्यावर सांगतात. ते पूर्ण खरं नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. अर्थात ती सरकारी बँक होती, भरतीला तिला मोठी प्रक्रिया करावी लागते, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. म्हणून रक्कम किती, प्रशिक्षण खरंच मिळणार का, हे पाहून सही करावी. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. पडताळणीला दाखवावीत आणि परत घ्यावीत.

जळगाव-धुळ्यात राहून

सगळ्यांनी पुण्यालाच जावं असं नाही. इथेही व्यापाऱ्यांची बिलिंग, दवाखान्यांची नोंदणी, शाळांची फी अशी सॉफ्टवेअरं करणारी छोटी ऑफिसं आहेत. तिथे एकच माणूस ग्राहकाशी बोलतो, डेटाबेस आखतो आणि बंद पडलेला सर्व्हरही उठवतो. मोठ्या कंपनीत तीन वर्षांत जे बघायला मिळत नाही ते इथे वर्षात हाताखालून जातं. उणीव एवढीच की चूक दाखवणारा सिनिअर बहुधा नसतो, आणि व्यवहार तोंडी चालतो. पगार रोख, पत्र नाही, पीएफ नाही.

पुढे पुण्याची कंपनी पार्श्वभूमीची पडताळणी करते तेव्हा हे नडतं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि सोडतानाचं रिलिव्हिंग लेटर मागितलं जातं. ते नसेल तर दोन वर्षांचा अनुभव शून्य धरून फ्रेशरचा पगार लावतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. मालक ओळखीचा, वडिलांचा मित्र असला तरी रुजू होताना पत्र मागा. रोखीऐवजी पगार बँकेत घ्या. आणि पीएफ कापला जात असेल तर यूएएन क्रमांक घेऊन महिन्याचे पैसे खरोखर भरले जातायत का, ते ईपीएफओच्या पासबुकात स्वतः पाहा.