दंडन्यायाचे शिक्षण आणि कॅथलिक विद्यापीठे

गुन्हा नोंदवला गेल्यापासून गुन्हेगार शिक्षा भोगून बाहेर पडेपर्यंत समाजाची जी यंत्रणा काम करते, तिच्या पद्धतशीर अभ्यासाला अमेरिकेत ‘क्रिमिनल जस्टिस’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘दंडन्यायशास्त्र’ ही संज्ञा वापरता येईल. पोलीस, न्यायालये आणि कारागृहे हे या यंत्रणेचे तीन मुख्य विभाग. परिवीक्षा, बालन्याय आणि पीडितांना साहाय्य ही त्यांना जोडलेली क्षेत्रे. गुन्हा का घडतो याचा शोध गुन्हेशास्त्र घेते आणि गुन्हा कशाला म्हणावे हे फौजदारी कायदा ठरवतो. दंडन्यायशास्त्राचा भर मात्र ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते, कोठे अडते आणि कोणावर अन्याय करते, यावर असतो.

हा कायद्याच्या पदवीचाच एखादा भाग असावा, असे आपल्याकडील वाचकाला वाटण्याचा संभव आहे. पण बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला जाण्याची सोय अमेरिकेत नाही. तेथे आधी कोणत्याही विषयातील पदवी घ्यावी लागते आणि त्यानंतर तीन वर्षांचे विधिशिक्षण सुरू होते. त्यामुळे अठराव्या वर्षी ज्याला न्यायव्यवस्थेचा अभ्यास करावासा वाटतो, त्याच्यापुढे दंडन्यायशास्त्राची चार वर्षांची, साधारण १२० श्रेयांकांची पदवी हा एक सरळ मार्ग असतो. ही पदवी शासकीय आणि खासगी अशा असंख्य विद्यापीठांत मिळते. कॅथलिक धर्मसंस्थेशी निगडित विद्यापीठांत ती घेतली, तर तिच्यात एक वेगळी भर पडते. त्या भरीचे स्वरूप समजण्यासाठी विषयाचा जन्म कोठे झाला, हे आधी पाहिले पाहिजे.

या विषयाचा जन्म पोलीस ठाण्यात झाला. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी प्रशिक्षण शाळा काढली आणि १९१६ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या साहाय्याने या विषयाचे वर्ग सुरू केले. पोलिसाने पदवीधर असावे, ही त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटणारी कल्पना त्यांनी चिकाटीने लावून धरली. विषयाचा खरा विस्तार झाला तो १९६० नंतरच्या दशकात. वाढती गुन्हेगारी आणि शहरांतील दंगली यांनी अस्वस्थ झालेल्या शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि पोलिसांच्या उच्चशिक्षणाचा त्यात आग्रह होता. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यान्वये शिक्षणासाठी कर्जे व अनुदाने मिळू लागली. नोकरीत टिकून राहणाऱ्या पोलिसाचे कर्ज माफ होत असे. पैसा आला, तसे महाविद्यालयांनी भराभर विभाग उघडले. त्यांतील कित्येक विभागांत निवृत्त अधिकारी आपल्या नोकरीतील गोष्टी सांगत आणि तेच अध्यापन समजले जाई. १९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने या उथळपणावर कठोर टीका केली आणि पोलिसाला धंदेवाईक तंत्राऐवजी व्यापक मानव्यशिक्षण द्यावे, असे सुचवले. हे मानव्यशिक्षण कॅथलिक विद्यापीठांत शतकानुशतके चालत आलेले होते. ते त्यांनी या विषयासाठी मुद्दाम उभारले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

कॅथलिक विद्यापीठ हा एकसंध प्रकार नाही. बहुतेक विद्यापीठे एखाद्या संन्यस्त संघाने स्थापिलेली आहेत आणि प्रत्येक संघाचा कल निराळा आहे. जेझुइटांचा म्हणजे येशूसंघाचा परिवार सर्वांत मोठा. सेंट लुईस, शिकागोचे लोयोला, मिलवॉकीचे मार्केट, सिनसिनाटीचे झेवियर, सिॲटल आणि स्क्रँटन येथील विद्यापीठे त्यात मोडतात आणि या सर्वांत दंडन्याय किंवा गुन्हेशास्त्र शिकवले जाते. गरिबांच्या सेवेसाठी आयुष्य वेचलेल्या संत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या परंपरेतील न्यूयॉर्कचे सेंट जॉन्स आणि नायगारा ही विद्यापीठे आहेत. फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोव्हा ऑगस्टिनियन संघाचे. सध्याचे पोप चौदावे लिओ हे तेथील १९७७ चे गणिताचे पदवीधर. भगिनीसंघांनी काढलेल्या संस्थाही आहेत. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील मर्सीहर्स्ट ही त्यांतली एक, जेथे एका माजी केंद्रीय तपास अधिकाऱ्याने १९९२ मध्ये गुप्तवार्ता-विश्लेषणाचा अभ्यासक्रम सुरू केला. करुणाभगिनींच्या महाविद्यालयात हेरगिरीचे शास्त्र, ही जोडी मौजेची खरी. पण ती चांगली नांदली आहे.

प्रवेशासाठी विद्यार्थी कॅथलिक असावा लागत नाही. हिंदू, मुस्लिम, ज्यू आणि निरीश्वरवादी विद्यार्थीही येथे मोठ्या संख्येने शिकतात. मात्र तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या यांचे काही पाठ बहुतेक ठिकाणी सर्वांनाच अनिवार्य असतात. मुख्य विषयात पहिल्या वर्षी यंत्रणेची ओळख, मग गुन्हेशास्त्राचे सिद्धान्त, पोलीसव्यवस्था, न्यायालये, सुधारसेवा, बालन्याय, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र असा क्रम असतो. घटनात्मक हक्कांच्या पाठात सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे येतातच. वकील परवडत नसलेल्या आरोपीला शासनाने वकील द्यावा असे सांगणारा १९६३ चा गिडियन खटला, चौकशीपूर्वी आरोपीला हक्कांची जाणीव करून देणे बंधनकारक ठरवणारा १९६६ चा मिरांडा खटला आणि बालन्यायालयातील मुलांनाही वकिलाचा हक्क देणारा १९६७ चा गॉल्ट खटला हे त्यांतले प्रमुख. संख्याशास्त्राला विद्यार्थी घाबरतात, पण त्यावाचून गुन्हेगारीची आकडेवारी वाचता येत नाही. पोलिसांकडे नोंदलेल्या गुन्ह्यांची राष्ट्रीय मोजणी १९३० पासून होते. न नोंदलेल्या गुन्ह्यांचा अंदाज घेण्यासाठी घरोघरी विचारपूस करणारे सर्वेक्षण १९७० नंतर सुरू झाले. या दोहोंमधील तफावत समजली, की वृत्तपत्रातील ‘गुन्हे वाढले’ या मथळ्याकडे विद्यार्थी सावधपणे पाहू लागतो.

एवढे शिक्षण कोणत्याही चांगल्या विद्यापीठात मिळेल. कॅथलिक विद्यापीठाची विशेष भर आहे ती ‘शिक्षा कशासाठी?’ या प्रश्नाच्या दीर्घ परंपरेत, आणि ही परंपरा निष्कलंक नाही म्हणूनच ती अभ्यासनीय आहे. संत ऑगस्टिन यांनी इ. स. ४१२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील मार्सेलिनस या रोमन अधिकाऱ्याला पत्र लिहून, आपल्याच पंथाच्या धर्मगुरूंवर हल्ले करणाऱ्या आरोपींना देहदंड देऊ नये अथवा त्यांचे अवयव छाटू नयेत, अशी विनंती केली. त्याच ऑगस्टिन यांनी भिन्नमतवाद्यांवर राजसत्तेने बळ वापरण्याचे समर्थनही केले होते. पुढील शतकांत धर्मसंस्था स्वतःच न्यायाधीश होऊन बसली. गोव्यातील वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. तेथे १५६० मध्ये सुरू झालेले धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. गुप्त आरोप, साक्षीदाराचे नाव न कळणे आणि छळाने मिळवलेला कबुलीजबाब ही धर्मन्यायालयांची वैशिष्ट्ये आजच्या विद्यार्थ्याला फौजदारी प्रक्रियेतील संरक्षणे का आवश्यक आहेत, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक स्पष्टपणे शिकवतात.

परंपरेच्या आतूनच तिला झालेला विरोध तितकाच बोलका आहे. जर्मनीत चेटकिणींच्या खटल्यांना ऊत आला असताना फ्रीड्रिख श्पे या जेझुइटाने १६३१ मध्ये ‘काउटिओ क्रिमिनालिस’ हा लॅटिन ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. यातना दिल्या तर कोणीही काहीही कबूल करील, मग अशा कबुलीला पुरावा कसे म्हणावे, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. रोममध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०३-०४ मध्ये सान मिकेले येथे गुन्हेगार मुलांसाठी सुधारगृह उभारले. दिवसा एकत्र मौन राखून काम आणि रात्री स्वतंत्र कोठडी ही तेथील रचना, आणि तशीच पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील तुरुंगांतही दिसते. पार्मा येथील जेझुइट शाळेत शिकलेल्या चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवरील छोटेखानी ग्रंथ लिहून छळ व देहदंड यांना विरोध केला. १७६६ मध्ये रोमने हा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या सूचीत टाकला. आज गुन्हेशास्त्राचा अभिजात संप्रदाय म्हणून याच बेक्कारियाचा पाठ कॅथलिक विद्यापीठांत पहिल्या वर्षी शिकवला जातो, ही इतिहासाने केलेली मोठी दुरुस्ती आहे.

अलीकडील काळात धर्मसंस्थेची भूमिका निःसंदिग्ध होत गेली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जानेवारी १९९९ मध्ये सेंट लुईसच्या भेटीत मिसूरीच्या राज्यपालांकडे एका कैद्याच्या प्राणांची याचना केली आणि राज्यपालांनी त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. अमेरिकी बिशपांनी २००० मध्ये दंडन्यायावर सविस्तर निवेदन काढले. जबाबदारी, पुनर्वसन आणि पुनःस्थापन ही त्याची तीन सूत्रे. गुन्हेगाराला कृत्याची जबाबदारी घ्यायला लावणे, त्याला माणसात आणणे आणि पीडित व समाज यांचे झालेले नुकसान शक्य तितके भरून काढणे, असा त्यांचा आशय. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथातील कलम बदलून देहदंड अस्वीकारार्ह ठरवला. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मात्र तो कायद्याने चालू आहे. म्हणजे ज्या शिक्षेची अंमलबजावणी पदवीधराला उद्या नोकरीत करावी लागू शकेल, तिचा धिक्कार त्याच्या विद्यापीठाची मातृसंस्था करते. हा ताण वर्गात उघडपणे चर्चिला जातो. माझ्या मते या शिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, कारण नीतिप्रश्नाचे उत्तर नियमावलीत सापडत नाही याची जाणीव नोकरीला लागण्याआधीच झालेली बरी.

बंदिवानांना भेटणे हे ख्रिस्ती परंपरेत दयाकर्म मानले आहे. विद्यापीठांनी त्याला अध्यापनाचे रूप दिले. व्हिलानोव्हाने १९७२ पासून पेनसिल्व्हेनियातील ग्रेटरफर्ड या कडेकोट कारागृहात पदवीचे वर्ग चालवले. ते कारागृह २०१८ मध्ये बंद होऊन शेजारी नवे उभे राहिले, तरी शिक्षण थांबले नाही. फिलाडेल्फियातील टेंपल या अकॅथलिक विद्यापीठात लॉरी पॉम्पा यांनी १९९७ मध्ये ‘इनसाइड-आउट’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे अनेक कॅथलिक संस्थांनी तो स्वीकारला. त्यात विद्यापीठातील आणि तुरुंगातील विद्यार्थी गोलाकार बसून संपूर्ण सत्रभर एकच अभ्यासक्रम एकत्र शिकतात. परस्परांना केवळ पहिल्या नावाने ओळखायचे, कोणी कोणता गुन्हा केला हे विचारायचे नाही, असा दंडक असतो. बाहेरून आलेले कैद्यांचे निरीक्षण करायला किंवा त्यांना मदत करायला आलेले नसतात, दोघेही सहाध्यायीच असतात, ही अट विशेष महत्त्वाची. समाजशास्त्रीय अभ्यासात ‘अभ्यासविषय’ होऊन बसलेला माणूस येथे वर्गात प्रतिवाद करतो.

अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ जॉर्जटाउन, स्थापना १७८९. दंडन्यायाच्या क्षेत्रात त्याचे नाव होते ते २०१६ मध्ये प्राध्यापक मार्क हॉवर्ड यांनी सुरू केलेल्या कारागृह आणि न्यायविषयक उपक्रमामुळे. त्यांचे बालमित्र मार्टी टँकलिफ यांना आईवडिलांच्या खुनाबद्दल चुकीने दोषी ठरवण्यात आले होते आणि सतरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून ते २००७ मध्ये सुटले. हे दोघे मिळून २०१८ पासून एक आगळा अभ्यासक्रम शिकवतात. पदवीचे विद्यार्थी गटागटाने निर्दोष असण्याची शक्यता असलेल्या कैद्यांची प्रकरणे तपासतात, साक्षीदारांना भेटतात आणि त्यावर लघुपट करतात. पहिल्याच वर्षीच्या प्रकरणांत व्हॅलेंटिनो डिक्सन हे होते. अटिका तुरुंगात बसून गोल्फ मैदानांची रंगीत चित्रे काढणारा हा माणूस कधीही गोल्फ खेळलेला नव्हता. सुमारे २७ वर्षांनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांची सुटका झाली. श्रेय एकट्या विद्यार्थ्यांचे नाही. पत्रकार आणि वकील आधीपासून झटत होतेच. तरीही वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी सत्रपूर्तीचे काम म्हणून जमवलेली माहिती अशा प्रकरणात उपयोगी पडावी, हे असाधारण आहे. २०२२ मध्ये याच विद्यापीठाने मेरीलँडच्या पटक्सेंट कारागृहात कैद्यांसाठी पूर्ण पदवी सुरू केली.

अशा उपक्रमांचे भवितव्य पुष्कळदा पैशावर ठरते. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे ‘पेल’ हे केंद्रीय अनुदान १९९४ च्या कायद्याने कैद्यांना नाकारले गेले आणि देशभरातील तुरुंग-महाविद्यालये धडाधड बंद पडली. ते अनुदान जुलै २०२३ पासून पुन्हा सर्वत्र खुले झाले.

पदवीचा उपयोग पोलीस सेवा, परिवीक्षा अधिकारी, बालगुन्हेगारांचे समुपदेशन, न्यायालयीन प्रशासन, पीडित-साहाय्य आणि केंद्रीय तपासयंत्रणा अशा मार्गांनी होतो. बरेच विद्यार्थी पुढे कायदा किंवा समाजकार्य शिकतात. पण या पदवीवाचून पोलिसात जाता येत नाही, असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी शालेय शिक्षण आणि पोलीस अकादमीचे प्रशिक्षण एवढे पुरते. खासगी विद्यापीठाचे जबर शुल्क आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचे बेताचे वेतन यांचा मेळ प्रत्येकाने घालून पाहिला पाहिजे.

महाराष्ट्र-गोव्यातून या शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. एफबीआयसह केंद्रीय तपासयंत्रणांतील पदांसाठी अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असते आणि बहुतांश पोलीस दलांतही परदेशी विद्यार्थ्याला वाव नसतो. म्हणून केवळ नोकरी हा हेतू असेल, तर ही वाट सयुक्तिक नाही. ज्यांना भारतातील कैदी आणि कच्चे कैदी यांच्यासाठी काम करायचे आहे, त्यांना मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र व न्याय या विषयातील समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते आणि याच संस्थेचा १९९० मध्ये सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प तुरुंगांतील माणसांसोबत प्रत्यक्ष काम करतो. परदेशाचा अर्ज भरण्याआधी तेथे एकदा चौकशी जरूर करावी.